मुडशिंगीच्या खाणीतले देव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माणसाला सगळं जमतं. कुस्ती जमते, फुटबॉल जमतो, अनोळखी पावण्याला हाताला धरून जेवायला बसवणं जमतं. एकच गोष्ट त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेली नाही, ती म्हणजे गुपचूप राहणं. आणि रणवाघ तालमीचे अध्यक्ष आण्णा वखारवाले यांच्यावर त्या साली नेमकी तीच पाळी आली. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते, विहिरी भरल्या होत्या, लोकांच्या अंगात पुन्हा मस्ती आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

रणवाघ तालमीचे गणपती दोन. एक मोठा, शाडूचा, मिरवायचा. दुसरा वीतभर, चांदीचा, पूजेचा. मोठा बुडवायचा. चांदीचा बुडवायचा नाही. त्याला कमरेइतक्या पाण्यात न्यायचं, तीनदा बुचकळायचं आणि पुसून परत तालमीतल्या काचेच्या कपाटात बसवायचं. हा मान अध्यक्षाचा. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यात पुढे जे रामायण झालं ते आण्णाला जन्मभर पुरलं.

हा चांदीचा गणपती बयाबाईने दिलेला. बयाबाई म्हणजे पिराजी वस्तादांची बायको. वस्ताद गेले तेव्हा तिने पायातले तोडे, दंडातल्या वाक्या आणि वस्तादांचा करदोटा, सगळं सोनाराच्या मुशीत घातलं आणि त्याचा देव करून तालमीला दिला. देवाच्या बैठकीखाली नाव कोरलं, 'पिराजी वस्ताद'. आण्णा त्याच वस्तादांच्या हाताखाली लाल मातीत लोळून मोठा झालेला. त्याच्या मांड्या भरल्या त्या बयाबाईच्या भाकऱ्यांवर. बाईला मूलबाळ नव्हतं. दर संकष्टीला ती तालमीत येई, कपाटापुढे बसून मूर्तीशी चार शब्द बोले, आणि ते शब्द देवाशी असत की नवऱ्याशी, हे कुणी विचारत नसे. माघातल्या गणेश जयंतीला मात्र कपाट उघडून मूर्ती तिच्या मांडीवर द्यायची आणि तिनेच तिला न्हाऊ घालायचं, असा तालमीचा शिरस्ता होता.

पलीकडच्या गल्लीत वीरकेसरी तालीम. रणवाघाने चांदीचा देव केला म्हटल्यावर वीरकेसरीने पुढच्याच वर्षी केला. त्याच सोनाराकडून, त्याच साच्यातला. तिथला अध्यक्ष आकाराम. त्याचं चहाचं हॉटेल होतं आणि जीभ उकळत्या चहाहून कडक होती. दोन तालमींचं वैर कशावरून सुरू झालं हे कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नव्हती. विसर्जनाला नदीच्या घाटावर पहिला मान कुणाचा यावरून एका वर्षी एवढी डोकी फुटली की दोघांनाही घाट बंद झाला. तेव्हापासून दोन्ही तालमी ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडून गडमुडशिंगीच्या अलीकडच्या एका जुन्या दगडाच्या खाणीवर जायला लागल्या. सुरुंग लावता लावता तिथे तळाला झरे फुटले होते, खाणवाले हत्यारं टाकून पळाले होते आणि खाण पाण्याने भरली होती. पावसाळ्यात ती काठोकाठ असे. मग उसाला इंजिनं लागली की पाणी पायरी पायरीने खाली जाई आणि उन्हाळ्यात कधी कधी पार तळ दिसे.

त्या साली मिरवणूक रेंगाळत रेंगाळत दुसऱ्या दिवशी भर दुपारी खाणीवर पोचली. आण्णा गुलालाने असा माखलेला की बायकोनेही ओळखला नसता. चांदीचा देव दोन्ही हातांत धरून तो खडकाच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. पुढे तराफ्यावर मोठा गणपती. आण्णाने एकदा बुचकळलं, दोनदा बुचकळलं. तेवढ्यात काठावरची सगळी माणसं तराफ्याकडे बघून एका तोंडाने ओरडली, "सोडाऽऽ!"

तराफ्यावरच्यांनी सोडला. आण्णानेही सोडला.

हात एकदम हलके का लागताहेत हे बघायला त्याने मान खाली घातली. शेजारी ज्ञानू होता, तालमीचा सगळ्यात मोठा पैलवान. अंगात हत्तीचं बळ आणि डोक्याला कधी त्रास दिलेला नाही.

"आण्णा," ज्ञानू म्हणाला, "द्येव कुठाय?"

"गप," आण्णा म्हणाला.

ज्ञानूने बुडी मारली, आण्णाने मारली. पायरीच्या पुढे खाण सरळ तुटलेली. खाली नुसता काळोख आणि कान फुटायची पाळी. वर येऊन आण्णाने अंगावरचा ओला पंचा गोल गुंडाळला, देव आत असल्यासारखा छातीशी धरला आणि "मोरया" म्हणत ट्रॉलीत चढला. पंच्याला लोकांनी वाटेत नमस्कारही केले.

तालमीत कपाटाच्या काचेवर लाल कापड पडलं. विचारेल त्याला सांगायचं, उजाळा द्यायला देव सोनाराकडं धाडलाय. संकष्टीला बयाबाई आली. "बरं केलंसा," म्हणाली, "काळवंडलाच हुता." आणि त्या रिकाम्या कपाटापुढे बसून, कापडाला हात जोडून, नेहमीसारखी हलक्या आवाजात बोलत राहिली. आण्णा आखाड्याच्या दारात उभा होता. त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि आण्णाला जेवण न जाणं ही त्याच्या घरात डॉक्टर बोलवायची गोष्ट होती.

माघापर्यंत देव कपाटात यायलाच हवा होता. बाई मांडी घालून बसणार, हात पुढे करणार, तेव्हा तिच्या मांडीवर कापड थोडंच ठेवता येणार होतं? नवीन घडवावा म्हटलं तर सोनार एकच, आणि त्याच्या दुकानात दिवसभर बसून पेपर वाचणारा आकारामचा मेहुणा. म्हणजे देव खाणीतूनच काढायला हवा होता. आणि पाणी पुरतं उतरायची वाटही बघता येत नव्हती, कारण तळ माघाच्या कितीतरी पुढे दिसणार आणि तो सगळ्या मुलखाला दिसणार.

तेव्हा आण्णाला टेंब्यांची आठवण झाली.

यज्ञेश्वर टेंबे मुंबईला गोदीत नोकरीला होते. तिथे हौसेने पाणबुड्याचं शिक्षण घेतलं आणि निवृत्त होऊन गावी येताना पाठीवरची हवेची टाकी, तोंडात धरायची नळी, डोळ्यांवरची काच आणि पायातले रबरी पंजे असा सगळा संसार बरोबर घेऊन आले. तो आता बैठकीच्या खोलीत मांडून ठेवला होता आणि टाकीला त्यांच्या पत्नी विमलाताईंनी लोकरीची झालर विणली होती. शाळाशाळांतून ते सागरतळावर व्याख्यान देत. कोल्हापुरात सागर नसल्यामुळे त्यांना खोटं पाडणारं कुणी नव्हतं.

"खाणीची खोली किती?" घरी आलेल्या आण्णाला आणि ज्ञानूला टेंब्यांनी विचारलं.

"लई," आण्णा म्हणाला.

"लई म्हणजे नक्की किती?"

"लई म्हंजी लईच की. तळच न्हाई."

"तळ नाही तर मग मूर्ती कुठे आहे?"

आण्णाने ज्ञानूकडे बघितलं. टेंब्यांनी मग समजावलं की पाणी जितकं उतरेल तितकं काम सोपं, पण पाणी उतरताना काठाचा गाळही घसरत खाली जातो आणि तळाची वस्तू झाकून टाकतो. तेव्हा फार थांबण्यात अर्थ नाही. शिवाय टाकी रिकामी आहे. ती भरून यायला मुंबईला जावी लागेल.

"मुंबईला कशाला?" ज्ञानू म्हणाला. "आमच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला हाय की."

टेंब्यांनी प्यायला पाणी मागितलं. विमलाताईंनी आतून पाणी आणून दिलं.

टाकी मालट्रकने मुंबईला गेली आणि भरून थेट तालमीत आली. तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हार घातला. आण्णा टेंब्यांना बोलवायला गेला आणि ज्ञानू एकटा टाकीपाशी राहिला. त्याने एवढंच केलं की वरची चकलीसारखी चावी जरा फिरवून बघितली. फुस्स करून असा काही आवाज आला की आखाड्यातली लाल माती आढ्याला लागली आणि जोर मारत असलेले सगळे पैलवान लंगोटावर रस्त्यात आले. आण्णा परतला तेव्हा ज्ञानू रिकाम्या टाकीशेजारी मान खाली घालून बसला होता.

"मुंबैची हवा कशी असतीया बघावं म्हटलं," तो म्हणाला.

"मग, कशी हाय?"

"आपल्यासारखीच हाय की ओ."

टाकी पुन्हा मुंबईला गेली. ट्रकवाल्याच्या सोयीने जाणार, सोयीने येणार. इकडे पौष आला, उसाला पाणी पाहिजे झालं आणि खाणीवरची इंजिनं भकभकायला लागली. आण्णा वखार सोडून दर दोनचार दिवसांनी सायकल मारत खाणीवर जाई आणि किती पायऱ्या उघड्या पडल्या हे बघून परत येई. एकदा गेला तर इंजिनं बंद. खाणीला लागून केरबाचं शेत होतं. तो बांधावर तंबाखू मळत बसला होता.

"इंजान का थंड?" आण्णाने विचारलं.

"त्यो तुमच्या पेठंतला आकाराम पावणा आलता," केरबा म्हणाला. "हात जोडालाय, पाय धरालाय. म्हणतोय, बुडवल्यालं द्येव उघडं पडाय लागल्यात, पाप हाय, जरा दम खावा. माळकरी हाय काय त्यो?"

आण्णा चक्रावला. आकारामला सुगावा लागला असता तर त्याने उलट गावातली सगळी इंजिनं जोडून खाण कोरडी केली असती आणि आण्णाची धिंड काढली असती. त्याऐवजी हा देवाची लाज राखायला निघालेला. माणूस वाईट असला तरी आत कुठेतरी भक्ती आहे, असं आण्णाला वाटलं आणि त्याला जरा गहिवरूनही आलं. शत्रूबद्दल गहिवर येणं हे त्याचं पहिलंच. त्यामुळे तो कुठे थांबवायचा हे त्याला कळलं नाही आणि पेठेत येऊन त्याने आकारामच्या हॉटेलात चहा घेतला. पेठेत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

टाकी आली ती गणेश जयंती तोंडावर आली तेव्हा. काम कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून आण्णाने ते फक्त कमिटीला सांगितलं आणि कारण दिलं, खाणीची शास्त्रीय खोली-मोजणी. कमिटीने ते पेठेला विश्वासात घेऊन सांगितलं. पेठेने रिक्षाला भोंगा बांधला. जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी टेंबे खाणीवर पोचले तेव्हा तिथे जत्रा भरली होती. भेळेची गाडी होती, हलगी होती, मंडप होता, आणि पहिल्या रांगेत आकाराम बसला होता, तोंडावर एरंडेल प्याल्याची कळा घेऊन.

टेंब्यांना आधी फेटा बांधला. फेट्यावर डोळ्यांची काच बसेना. काच बसवायला फेटा काढावा म्हटलं तर तालमीचा अपमान. शेवटी फेटा ज्ञानूने हातात धरून उभं राहायचं असं ठरलं. मग टेंब्यांनी आण्णाला बाजूला घेतलं.

"तुम्ही नक्की कुठे उभे होतात?"

आण्णाने बोट वर केलं. टेंब्यांनी वर पाहिलं. ती पायरी आता पाण्यापासून ताडभर उंच, कोरडी ठणठणीत, आणि तिच्यावर बसून पोरं शेंगा खात होती.

"तिथे? तुम्ही तर पाण्यात होतात म्हणालात."

"पाणी तितं हुतं की तवा."

पोरांना हाकलून आण्णा वर चढला, हात पुढे करून उभा राहिला आणि हातातून दगड सोडला. तो जिथे बुडाला तिथे टेंबे उतरले. काळ्या पाण्यावर बुडबुड्यांची एक माळ तेवढी राहिली. हलगी थांबली. एवढा मोठा जमाव गप्प बसलेला आण्णाने आयुष्यात पाहिला नव्हता. बुडबुडे डावीकडे गेले, परत आले, एका जागी घुटमळले. "ग्येलं वाटतंय म्हातारं," कुणीतरी म्हणालं. आण्णाने डोळे मिटून पिराजी वस्तादांना हाक घातली. 'वस्ताद, एवढ्या वक्ताला संभाळा. पुन्हा हातातलं सोडणार न्हाय.'

टेंबे वर आले ते चिखलाचा गोळा झालेले. कमरेच्या पिशवीला वजन होतं. त्यांनी तोंडातली नळी काढून धापा टाकत सांगितलं, "खाली स्वतःचा हात दिसत नाही. नुसतं चाचपडून काढलं. हवा संपली." मग भोंग्यावरून त्यांनी खोलीचा काहीतरी आकडा सांगितला. टाळ्या पडल्या, हलगी कडाडली, आणि आण्णा पिशवी पोटाशी धरून केरबाच्या इंजिनाच्या खोपीत शिरला.

गाळ पुसला. सोंड दिसली, कान दिसले. आण्णाच्या डोळ्यांना धार लागली. त्याने देवाला छातीशी धरलं, मग उलटा करून बैठकीवरचा चिखल अंगठ्याने खरवडला. तिथे लिहिलं होतं, 'वीरकेसरी तालीम'.

त्याने पुन्हा पुसलं. पुन्हा तेच.

खोपीच्या दारात सावली पडली. आकाराम आत आला, त्याने दार ओढून घेतलं आणि मटकन खाली बसला.

"चार वरसं झाली," तो म्हणाला. "त्याच पायरीवर माझा बी हात असाच सुटला. दुष्काळात तळ दिसला तवा रातीचा येऊन हुडकला, गाळात घावला न्हाई."

"आणि मग तू कपाटात ठेवलायस त्यो?"

"जर्मनचा. भांड्याचं अल्युमिनम. सांगलीतनं आणलाय."

आण्णाला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की आपल्याला हसता येत नाही. इंजिनं का बंद होती ते आता उमगलं. दोघे अध्यक्ष डिझेलच्या वासात त्या देवाकडे बघत बसले. आकारामने तो घ्यावा, तर तालमीने इतकी वर्षं जर्मनच्या भांड्याची आरती केली हे पेठेला कळणार. आण्णाने तो जाहीर करावा, तर मुळात तो काय शोधत होता हे सांगावं लागणार. ज्या देवासाठी दोन गल्ल्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती, त्याला आज घ्यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी आकाराम म्हणाला, "तूच घिऊन जा. साचा एकच. म्हातारीला कुठं दिसतंय?"

आण्णाने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण बाहेर हलगी वाजत होती, उद्या जयंती होती, आणि टाकीत हवा नव्हती. संध्याकाळी वखारीचं दार लावून त्याने देवाला पालथा घातला आणि कानशीने बैठकीवरचं नाव घासून काढलं. चांदीचा भुगा फुंकून टाकला. मग त्याच जागी त्याने खिळ्याने वस्तादांचं नाव वेडंवाकडं कोरलं.

जयंतीला बयाबाईने मांडी घातली, देव घेतला, दुधाने न्हाऊ घातला, पदराने पुसला. "उजाळा झ्याक दिलाय रं," म्हणाली. आण्णा हसला. पाप पचलं की माणसाला आधी भूक लागते. त्या दिवशी त्याने वखारीतल्या हमालांसकट सगळ्यांना मटण घातलं.

पुढे उन्हाळ्यात केरबाची इंजिनं भकाभका चालली आणि खाणीचा तळ उघडा पडला. आण्णा काही ना काही निमित्त काढून तिथे जाई. तळाला भेगा पडलेला गाळ, फुटके हात, सोंडांचे तुकडे, गंजलेल्या तारा. वस्तादांचा देव कुठेच नव्हता. केरबाला विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे कबूल करणं. गाळाने गिळला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि थोड्याच दिवसांत त्याला ते पटलंही. त्या वर्षी दोन तालमींचा फुटबॉलचा सामना एकही दगड न पडता पार पडला. लोक म्हणाले, पैसे वाया गेले.

बयाबाई दर संकष्टीला येतच होती. उन्हाळ्यानंतर फक्त देवाशी बोलायची बंद झाली होती. कपाटापुढे बसायची, देवाकडे बघायची आणि मग आण्णाकडे बघायची.

"बघा मावशी, कसा उजळलाय," आण्णा म्हणायचा. एकदा म्हटलं ते जमून गेलं, म्हणून दर वेळी म्हणायचा.

"व्हय बाबा," ती म्हणायची. "वळखू बी येत न्हाय."

जाताना ती दारात थोडी रेंगाळायची. "काय सांगायचं न्हाई न्हवं, आण्णा?" असं विचारायची. आण्णा म्हणायचा, "काय न्हाय की मावशी. सगळं झ्याक." मग ती जायची.

पुन्हा अनंत चतुर्दशी आली. खाण पुन्हा काठोकाठ भरली होती. या वेळी दोन्ही अध्यक्ष एकाच पायरीवर, शेजारी शेजारी, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. लोकांना हा एकोपा बघून भरून आलं. भोंग्यावरून कुणीतरी दोघांची नावं घेऊन जयजयकारही केला. आकारामच्या हातात जर्मनचा देव, आण्णाच्या हातात आकारामचा. आणि कधी न येणारी बयाबाई त्या वर्षी ट्रॉलीत बसून आली होती, काखेत एक गाठोडं घेऊन.

आण्णाने दोनदा बुचकळलं. या वेळी बोटं अशी आवळली होती की नखं पांढरी पडली.

"आण्णा," बयाबाई काठावरून म्हणाली, "सोड त्याला."

आण्णा हसला. "मावशी, ह्यो सोडायचा न्हाय. ह्यो आपल्या वस्तादांचा."

"व्हय?" म्हणत तिने गाठोड्याची गाठ सोडली. आत चांदीचा गणपती होता. सोंडेच्या वळणात अजून खाणीचा काळा गाळ होता. "मग ह्यो कुणाचा? मिरगाच्या आधी केरबा घिऊन आला. गाळात घावला, नाव वाचलं आणि घर हुडकत आला बिचारा. पाणी प्याला आणि ग्येला."

हलगीवाल्याची काडी हवेतच राहिली. आण्णाच्या तोंडून आलं ते असं, "मावशी, मग तवाच बोलायचं न्हाई व्हय? इतक्या संकष्ट्या तुमी त्येला हात जोडालता—"

"कुणाला हात जोडालतो? माझा द्येव माझ्या घरात हुता," बयाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण भोंगा बंद असल्यामुळे तो खाणीच्या चारी भिंतींना लागून परत येत होता. "मी तुझ्यासाठनं येत हुतो. आज सांगल, उद्या सांगल. माझ्या हातची भाकरी खाल्ल्याला हाय, सांगलच म्हणून येत हुतो."

आण्णाची बोटं सुटली. त्याने सोडलं असं नाही, ती सुटली. बुळुक असा आवाज आला.

"आरं सोडू नगंस!" आकाराम किंचाळला. "आरं माझा हाय त्यो! आमच्या तालमीचा हाय!" आणि हातातला जर्मनचा देव पाण्यावर भिरकावून फेट्यासकट त्याने सूर मारला. जर्मनचा देव दगडावर आपटला आणि टण्ण करून वाजला. तो आवाज ऐकून वीरकेसरीची सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कुणीतरी टेंब्यांना हाक मारली. टेंबे मंडपात फेटा बांधून बसले होते आणि टाकी घरी होती, झालर घालून.

त्या गोंधळात बयाबाई पायरी उतरून पाण्यात आली. लुगडं पाण्यावर फुगलं, ते तिने एका हाताने दाबलं. वस्तादांच्या देवाला तिने बुचकळलं, पुन्हा बुचकळलं, तिसऱ्यांदा बुचकळून वर काढलं आणि पदराने नीट पुसलं, सोंडेतला गाळसुद्धा. दरवर्षी पुसून झाल्यावर देव तालमीत न्यायचा असतो आणि तो अध्यक्षाने न्यायचा असतो. सवयीने आण्णाचे दोन्ही हात पुढे झाले.

बयाबाईने त्या हातांकडे पाहिलं.

"नगं बाबा," ती म्हणाली. "तुझं हात सुटत्यात."

आणि देवाला पदराखाली घेऊन ती काठ चढून ट्रॉलीत जाऊन बसली.